पायगुणाचा प्रयोग

रविवार, ८ नोव्हेंबर १९३६

आज दुपारी गेणूच्या हॉटेलच्या मागल्या खोलीत 'लोणावळे बुद्धिवादी मंडळ' रीतसर स्थापन झाले. पुढे कोणी इतिहास लिहायला बसला तर त्याची अडचण होऊ नये म्हणून मी ही वही सुरू करतो आहे.

अध्यक्ष दत्तोबा शिंपी, चिटणीस मी (महिपती, रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून), आणि सभासद गेणू हॉटेलवाला. आणखी काहीजण आले होते, ते भजी संपल्यावर गेले. देव आहे की नाही हा प्रश्न दत्तोबांनी चहा निवायच्या आत निकालात काढला. पुढची सभा कोणत्या वारी, यावर मात्र तासभर वाद झाला. मंगळवारी गेणूच्या बायकोचा, रतनबाईचा, उपास असतो आणि त्या दिवशी ती भजी तळत नाही. शेवटी सभा रविवारी ठरली. बुद्धिवादाने पहिल्याच दिवशी उपासापुढे माघार घेतली हे मला खटकले, पण रतनबाईला सातवा महिना चालू आहे, तिच्याशी कोण वाद घालणार?

दत्तोबांनी फळ्यावर मंडळाचे ब्रीद रंगवून आणले होते: 'कावळा बसला आणि फांदी मोडली.' वर कावळ्याचे चित्र. कावळा कोंबडीसारखा दिसतो असे मी म्हणालो, तर गेणू म्हणाला, "कोंबडीच ऱ्हाऊ द्या, गिऱ्हाईक तरी येतंय."

गुरुवार, १२ नोव्हेंबर

मंडळाकडे पहिले प्रकरण आले. झुंबरबाई सुईणीची भाची नंदा आपण होऊन हॉटेलच्या मागल्या दाराशी आली. ती मूळची वडिवळ्याची, पण मावशीकडेच असते. तिला सगळे पांढऱ्या पायाची म्हणतात. तिची सुपारी तीनदा फुटली आणि तिन्ही वेळा विघ्न आले. पहिल्या खेपेला नवरदेवाची पेंढ्याची गंजी जळाली. दुसऱ्या खेपेला होणारा सासरा बैलगाडीतून पडून पाय मोडून घेता झाला. तिसरा नवरदेव मुंबईला लग्नाचे सामान आणायला गेला, तो अजून आणतोच आहे.

"त्यो पळाला ते बरंच झालं," ती म्हणाली. "लगीन न्हाई झालं तरी माझं काई अडत न्हाई. पन मला बाळातपनाला कुनी घरात घेत न्हाई. मावशीचा हात कापतो आता. तिला येतं ते समदं तिनं मला शिकवलंय. म्हस अडली की मला हाक मारत्यात, बाई अडली की दार लावून घेत्यात."

दत्तोबांनी अंधश्रद्धेवर बोलायला सुरुवात केली. तिने थोडे ऐकले आणि म्हणाली, "खोटं हाय ते मला ठावं हाय, भाऊ. त्यास्नी खोटं करून दावा."

बाई मोठी सडेतोड आहे. आपल्याला असेच सभासद हवेत. घरी येईपर्यंत मी शीळ वाजवत होतो.

रविवार, १५ नोव्हेंबर

दिवाळीच्या फराळावर ताव मारून मंडळाने प्रयोगाची आखणी केली. कल्पना माझी आहे. महत्त्वाच्या कामाला निघताना प्रत्येक सभासदाने मुद्दाम नंदाबाईला सामोरे जायचे, आणि तिच्याजवळ रिकामी घागर हवी. पांढरे पाय अधिक रिकामी घागर, म्हणजे अपशकुन दुप्पट. कामे नेहमीसारखीच झाली, काही फत्ते, काही फसली, की पायगुण नावाचे काही नसते हे सिद्ध. मग कोणती सासू तिला उंबऱ्याबाहेर ठेवते ते बघू.

नंदाबाईने एकच शंका काढली. "रिकामी घागर घिऊन मी उगंच गावभर हिंडू व्हय? सकाळी पान्याला जाते तवा ती रिकामीच असती. तुमीच वाटंवर येऊन उभं ऱ्हावा."

मंडळाने दुरुस्ती एकमताने मान्य केली.

सोमवार, २३ नोव्हेंबर

दत्तोबा सामोरे जाऊन खंडाळ्याला एका पारशी शेटच्या बंगल्यात दोन पडद्यांचे काम विचारायला गेले, आणि साऱ्या बंगल्याचे पडदे, गाद्या, उशा घेऊन आले. गेणूने तळेगावच्या बाजारात म्हैस घेतली. म्हैस इतके दूध देते की हॉटेलातला चहा पांढरा झाला आहे. गिऱ्हाइके तक्रार करतात.

उत्तम. प्रयोगाची सुरुवात जोरात झाली.

रविवार, २९ नोव्हेंबर

जरा जास्तच जोरात चालले आहे. दत्तोबांच्या मेव्हण्याला नोकरी लागली. मालधक्क्यावरून महिनाभर हरवलेली गुळाची ढेप मला माझ्याच खुर्चीमागे सापडली. एकही काम फसत नाही. शास्त्राला थोडेफार अपयश लागते, त्याशिवाय ताळा जुळत नाही. दत्तोबांना हे पटत नाही, ते उशा शिवत बसले आहेत.

मी रोज सकाळी विहिरीच्या वाटेवर हजर असतो. रविवारी मला कामाला जायचे नसते, तरी जातो, कारण निरीक्षणाला सुट्टी नसते. आज तिने हिरवे लुगडे नेसले होते. रंगाचा परिणामाशी काही संबंध आहे का ते तपासले पाहिजे. तिने विचारले, "आज तुमाला कुटल्या कामाला जायचंय?" मी म्हणालो, "दाढी करायला." दाढी चांगली झाली.

रविवार, ६ डिसेंबर

एक तरी अपयश मिळवायचेच, असे आम्ही ठरवले होते. गेणूचा शेजाऱ्याशी गटारावरून वडगावला दावा चालू आहे आणि त्यात चूक सर्वस्वी गेणूची आहे, हे गेणूही कबूल करतो. तो शुक्रवारी नंदाबाईला सामोरा गेला, शिवाय वाटेत मांजर आडवे जाईपर्यंत थांबला, आणि कचेरीत गेला. शेजाऱ्याच्याच साक्षीदाराने गोंधळून गेणूच्या बाजूने साक्ष दिली. गेणू जिंकला आणि पेढे घेऊन आला. मी त्याला म्हटले, "अरे, तुला हरायला पाठवले होते." तो म्हणाला, "म्या तरी काय करू, चिटनीस? लय परयत्न केला."

पेढे चांगले होते.

रविवार, २० डिसेंबर

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती.

आज विहिरीच्या वाटेवर मी नेहमीच्या जागी गेलो तर उभे राहायला जागा नव्हती. जत्रा भरली होती. कोणाला जमीन घ्यायची, कोणाचा मुलगा परीक्षेला, कोणाची गाय गाभण राहत नाही. नंदाबाई रिकामी घागर घेऊन आली तशी गर्दी दोन्हीकडे सरकली आणि माणसे तिच्या पायांकडे बघून हात जोडू लागली. एका म्हातारीने वाटेत नारळ फोडला. एकाने तिला विनवले की, परत येताना घागर भरू नको, माझा भाऊ मागून येतो आहे. भरल्या घागरीचा शकुन आता आमच्या गावात उतरला आहे आणि रिकाम्या घागरीचा चढला आहे. शेकडो वर्षांची रूढी आमच्या मंडळाने सव्वा महिन्यात उलटी केली. दत्तोबांना यात प्रगती दिसते.

नंदाबाई माझ्यासमोर थांबली. "आता लक्षुमीची पावलं म्हनत्यात," ती म्हणाली. "लय उपकार झालं तुमचं."

ती रागावली होती की हसत होती हे मला कळले नाही. दिवसभर दोन्ही बाजूंनी विचार केला, तरी कळले नाही.

रविवार, २७ डिसेंबर

तिला बाळंतपणाचे पहिले बोलावणे आले, तेही वडिवळ्याहून, जिथे तिच्या तोंडावर दारे लावत होते तिथूनच. गाडी जुंपून आले होते. ऐकून मी गेणूला मिठी मारली. प्रयोग या ना त्या वाटेने यशस्वी झाला, असे वाटले.

आज ती परत आली. हॉटेलच्या मागे भेटली तेव्हा मी अभिनंदन केले, तर म्हणाली, "कशाचं? मला उंबऱ्यावर पाटावर बसवली. पायावर दूध घातलं. आत दुसरी म्हातारी होती, नखं वाढलेली, हात न धुता. मी उठले तर म्हनं, तू हात लावू नगंस, तू नुसती बस. माझं पाय पायजेत समद्यास्नी."

"पण बाळबाळंतीण सुखरूप आहेत ना?"

"हायत. त्यांचं नशीब. पन एखादं मूल दगावनार, महिपतराव. कुनाच्या तरी घरी दगावनारच. त्या दिवशी ह्याच पायांस्नी लोक काय म्हनतील? मंग जल्मात मला कोन दारात उभं करील?"

एवढे बोलून ती गेली. आमच्या पराक्रमाने तिला खड्ड्यातून काढून उंच फांदीवर बसवले आहे आणि ती फांदी आम्हीच लोकांच्या हाती दिली आहे. हे चांगले झाले नाही. मला फार वाईट वाटते आहे.

गुरुवार, ७ जानेवारी १९३७

आज पुण्याला माझी रेल्वेच्या तारबाबूच्या जागेसाठी परीक्षा होती. होती, असेच लिहावे लागते.

सकाळच्या गाडीने जायचे होते. निघण्यापूर्वी नेहमीप्रमाणे विहिरीच्या वाटेवर गेलो. नंदाबाई आली नाही. एरवी आजारी असली तरी ती पाण्याला येते. निरीक्षण अर्धवट टाकून जाणे शास्त्राला धरून नव्हते, म्हणून आणखी थोडा थांबलो. मग आणखी थोडा. गाडी शिट्टी देऊन गेली ती मी तिथूनच ऐकली.

ती ऊन चढल्यावर दिसली. गर्दी टाळायला ती आजपासून पलीकडच्या ओढ्यावरून पाणी आणू लागली आहे.

"आज परीक्षा न्हवं तुमची?"

"नोंदीसाठी थांबलो होतो."

तिने घागर खाली ठेवली आणि माझ्याकडे बघत राहिली. "मला वाटलं हुतं, गावात एक तरी मानूस हाय," ती म्हणाली. "तुमीबी त्यातलंच निघालात."

दुपारी जेवण गेले नाही.

शुक्रवार, ८ जानेवारी

लिहायला लाज वाटते, पण वही खोट्यासाठी नाही. मी शकुनासाठी थांबलो होतो. बुद्धिवादी मंडळाचा चिटणीस परीक्षेला निघताना एका बाईचे दर्शन घडावे म्हणून विहिरीपाशी खांबासारखा उभा राहिला आणि परीक्षा बुडवली. राजीनामा लिहून दत्तोबांकडे गेलो.

दत्तोबांनी तो वाचला आणि सुई दातात धरून इतके हसले की मला सुईची काळजी वाटली. "शकुनासाठी नव्हे रे, गाढवा," ते म्हणाले.

"मग कशासाठी?"

"ते तू शोधून काढ. शास्त्रज्ञ ना तू?" राजीनाम्याचा कागद त्यांनी उशीच्या मापासाठी कापून टाकला. त्यांच्या बोलण्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही.

मंगळवार, १२ जानेवारी. अमावस्या



प्रयोग चुकला आहे हे चारचौघांत सांगायला आम्ही आज मुद्दाम अमावस्येची दुपार धरून जाहीर सभा बोलावली होती. हॉटेल भरून लोक रस्त्यावर उभे होते. मी उठून सांगितले की पांढरे पाय खोटे आणि लक्ष्मीची पावलेही खोटीच, आणि या खुळाला सगळ्यात आधी जर कोणी बळी पडला असेल तर तो मी. लोकांना वाटले मी विनयाने बोलतो आहे. टाळ्या पडल्या.

तेवढ्यात मागल्या खोलीतून रतनबाईची हाक आली. तिला कळा सुरू झाल्या होत्या, आठदहा दिवस आधीच. गेणूचा चेहरा त्याच्या चहासारखा पांढरा झाला. झुंबरबाई काठी टेकत आत गेली, चाचपून बाहेर आली आणि म्हणाली, "पोर पायाळू येतंय. माझ्या हाताचं काम न्हाई हे. नंदीला आत घ्या."

पायाळू म्हणजे पाय आधी, डोके मागून. अशी किती मुले डोके अडकून गेली आहेत हे तिथल्या प्रत्येक बाईला माहीत होते.

आमचा गेणू, मंडळाचा संस्थापक सभासद, नंदाबाईपुढे हात जोडून उभा राहिला. "ताई, तुमी उंबऱ्यावर बसा. म्या वडगावच्या सुईनीला मानूस धाडतो. ती येईस्तवर नुसती पावलं लागू द्या घराला."

"बसनार न्हाई," नंदाबाई म्हणाली. "जायचं तर हात धुऊन आत जाईन. न्हाईतर ही चालले घरी."

"आन् काई वाईट झालं तर?"

"तर हुईल. पायानं हुनार न्हाई, एवढं सांगते."

गेणू माझ्याकडे बघू लागला, मी दत्तोबांकडे, दत्तोबा फळ्यावरच्या कोंबडीकडे. तेव्हा आतून रतनबाई ओरडली, "नंदे, ये गं आत. त्यांचं मंडळ घाल चुलीत."

नंदाबाई आत शिरली, शिरताना म्हणाली, "महिपतराव, पानी. उकळलेलं. लय."

मी भट्टीवरचे चहाचे मोठे पातेले मोरीत उपडे केले आणि पाणी चढवले. आयुष्यात इतक्या निष्ठेने मी कोणतेही काम केलेले नाही. पाणी उकळायचे, दाराशी न्यायचे, आतून एक हात यायचा आणि बादली घेऊन जायचा. कात्री उकळून दिली, धडपे उकळून दिले. दत्तोबांनी शेटच्या पडद्यांचे नवे कापड टराटर फाडून दिले. आतून नंदाबाईचा आवाज यायचा, अगदी रोजचा, भाजी निवडताना बोलावे तसा. "आता जोर करू नगंस. थांब. आता कर. मी हाय." मला कसलेही शास्त्र आठवत नव्हते. मी नुसते, तिला जमू दे, जमू दे, असे म्हणत होतो. कोणाला म्हणत होतो हा प्रश्न मंडळाच्या पुढील सभेत घ्यावा.

मग बराच वेळ काहीच ऐकू आले नाही. गेणू जमिनीवर बसला. रस्त्यावरचा एकजण पुटपुटला, "अमुशा हाय, पाय पांढरंच ठरलं वाटतं." आणि आजवर कोणावर हात न उगारलेल्या मी त्या माणसाला चुलीजवळचा चिमटा दाखवला.

नंतर मूल रडले. बारीक, चिडलेल्या आवाजात, पण रडले.

मुलगी आहे. रतनबाई चहा मागते आहे आणि चहाचे पातेले मीच ओतून दिले आहे. नंदाबाई कोपरापर्यंत ओली अशी दारात आली आणि चौकटीला टेकून उभी राहिली. लोक तिच्या पायांकडे वाकले. तिने दोन्ही हात पुढे केले आणि म्हणाली, "वर बघा, हिकडं."

मी बघितले. भाजलेली, सुरकुतलेली, ओली बोटे. मला एकदम रडू आले. भट्टीच्या धुराने आले असावे.

बुधवार, १३ जानेवारी

सकाळी पलीकडच्या आळीतले एक आबा कमरेत उसण भरली म्हणून हॉटेलात आले. पायाळू माणसाची लाथ लागली की उसण जाते, तेव्हा बाळाचा पाय कमरेला लावून द्यावा अशी त्यांची विनंती होती. त्यांच्या मागे आणखी चौघे कमरा धरून उभे होते. रतनबाईने त्यांना लाटणे दाखवले. त्यातले दोघे तर वाकलेले होते ते ताठ होऊन पळाले.

मंडळाने यावर प्रयोग करावा असे दत्तोबांनी सुचवले. मी आणि गेणूने ठराव फेटाळला.

रविवार, ३१ जानेवारी. परंदवडी

ही नोंद परंदवडीत, बजरंग नावाच्या शेतकऱ्याच्या परसात, चुलीशेजारी उकिडवा बसून लिहीत आहे.

काल सकाळी हा बजरंग हॉटेलात आला आणि दारातूनच विचारले, "ती सुईन बाई कुटं ऱ्हाती?" नंदाबाई रतनबाईच्या बाळाला न्हाऊ घालत होती, ती मागून म्हणाली, "का? पायगुन पायजे का?"

बजरंग गोंधळला. "कसला? आमच्या मंडळीचं पोर पायाळू हाय म्हनत्यात. हितल्या बाईनं तसलं पोर जितं काढलं म्हनं. हात लय चांगला हाय म्हनत्यात. म्हनून आलोय."

नंदाबाईने बाळ रतनबाईकडे दिले. पदराने डोळे पुसले, लगेच हात धुतले, आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली, "पानी तापवाया मानूस लागंल. येता व्हय?"

मी आलो. गाडीत, तळेगावला उतरल्यावर, सोमाटण्यावरून बैलगाडीत, सगळी वाट ती बजरंगला बाळंतिणीचे विचारत होती आणि मी कात्रीची पिशवी मांडीवर धरून बसलो होतो. इतका आनंद मला कशाचा झाला आहे ते कळत नाही. बहुधा हवेचा असावा. इकडची हवा कोरडी आहे.

आज दुपारपासून कळा चालू आहेत. कालपासून तिने आत दुसऱ्या कोणाला हात लावू दिलेला नाही, आणि कोणी तिला पाटावर बसायला सांगितलेले नाही. बजरंगाच्या आईने, बयाबाईने, मघाशी दारातून मला न्याहाळले आणि आत वळून विचारले, "नंदे, ह्यो बाहीर बसलाय त्यो तुझा कोन गं?"

"पानी तापवतोय," आतून उत्तर आले.

"ते दिसतंय. पन कोन?"

बाळंतिणीने कण्हणे थांबवले होते. मीही लिहिणे थांबवले. आतला तो रोजचा आवाज म्हणाला, "त्यो अजून इचारंना, मावशी. विहिरीपाशी दोन म्हयने हुबा ऱ्हायला. मी म्हनलं इचारंल, इचारंल. परीक्षासुदिक बुडवली, तरी इचारंना."

बयाबाई हसली, बाळंतीणही हसली, तिला बहुतेक कळ यायची होती तरी हसली. दत्तोबा कशाला हसत होते ते मला आत्ता, या चुलीपाशी कळले. मला मोठ्याने हसावेसे वाटते आहे.

पाणी उकळले आहे. आतून बादली मागताहेत. ती नेऊन देतो, आणि विचारतो.